गाडीनं ओळख दिली नाही

अमडापुरात ओळखपत्र लागत नाही. चिखलीहून खामगावकडे निघालेल्या एसटीतून तुम्ही आमच्या स्टँडवर उतरलात, की पानटपरी ओलांडेपर्यंत तुम्ही कोणाकडचे पाहुणे, सोयरिकीचं बोलायला आलात की उसने मागायला, हे गावाला कळलेलं असतं. तोंड ओळखीचं नसेल तर चाल ओळखतात. "पाय असा फेकत चालते म्हणजे वरच्या आळीचा जवाई असंन," एवढ्यावर माणसाचा पत्ता लागतो. अशा गावात एका सकाळी, माझ्याच दारात, माझ्याच पैशानं घेतलेल्या आणि माझ्याच नावावर चढलेल्या गाडीनं मला ओळख दिली नाही.

गाडी जुनी होती. म्हणजे दुसऱ्याला जुनी, मला नवी. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण अजून तिच्याशी संसार करायचा आहे. झालं होतं एवढंच की चावीची मुंडी तुटली. सोयाबीनचं पोतं सोडायचं होतं, सुतळीची गाठ सुटेना, हाताशी चावी होती. कट्‌ असा आवाज आला, गाठ जागेवर राहिली आणि चावीचे दोन भाग झाले. एक लोखंडी पातं आणि दुसरी काळ्या प्लॅस्टिकची मुंडी, तीही फुटलेली. मी पातं उचलून खिशात टाकलं. मुंडी तिथेच अंगणात पडू दिली. मुंडी म्हणजे धरायची सोय, असा माझा समज. आयुष्यभर शाळेत पोरांना 'डोकं वापरा' असं ओरडून सांगितलेल्या माणसानं चावीचं डोकं असं अंगणात टाकून दिलं.

बाजाराच्या दिवशी आमच्याकडे चावीवाला बसतो. एक छत्री, एक पत्र्याची पेटी, तारेत ओवलेल्या कोऱ्या चाव्यांच्या माळा आणि एक कानस. त्यानं माझं पातं घेतलं, कोरी चावी त्याला चिकटवून उन्हाकडे धरली, एक डोळा मिटला आणि घासायला लागला. मध्येच फुंकर मारायचा, अंगठ्याच्या नखानं खाच चाचपायचा, पुन्हा दोन घासे. पाच मिनिटांत चावी तयार. शंभराची नोट घेतली आणि म्हणाला, "नाई लागली तर पैसे परत, सर."

चावी लागली. तिथेच तर घोटाळा झाला. दार उघडलं. स्टिअरिंगचं कुलूप सुटलं. चावी फिरवली तर आतले दिवे लागले, काटे हलले, सेल्फही फिरला, घुर्र-घुर्र-घुर्र. गाडी मात्र सुरू होईना. आणि काट्यांच्या शेजारी एक लाल टिकली लुकलुकत राहिली. पुढे आलेल्या वैद्यकीय मंडळींपैकी तिच्याकडे कोणीच लक्ष दिलं नाही. मीही नाही.

आमच्याकडे गाडी सुरू न होण्याचा आवाज ऐकू आला, की हातातलं काम टाकून माणसं येतात. पाच मिनिटांत आठजण जमले.

"पेट्रोल संपलं असंन."

"बॅटरी उतरली."

"बॅटरी उतरली असती तर सेल्फ फिरला असता का, बावा?"

"रात्री उंदरानं वायर खाल्ली असंन. आमच्या मेव्हण्याच्या गाडीत तं अख्खं बिऱ्हाड व्हतं उंदराचं."

"धक्का द्या, सर. धक्क्यानं मेलेली गाडी उठते."

धक्का दिला. सहाजणांनी मारुतीच्या देवळापर्यंत नेली. दुसऱ्या गिअरात क्लच सोडला, गाडीनं एक आचका दिला, मागच्यांची तोंडं काचेवर आपटली. देवळापासून परत दारापर्यंत आणली. पुन्हा आचका. एकजण म्हणाला, "देवळाकडे तोंड असतानी लावून पाहा." तेही झालं.

याआधी माझ्याकडे जीप होती. तिला चावी होती, पण ती मानापुरती. ती स्क्रू ड्रायव्हरनं सुरू व्हायची, पत्र्याच्या पट्टीनं व्हायची, एकदा पाहुण्यांसमोर बायकोच्या आकड्यानंही झाली. स्विच पार गेला तेव्हा खालच्या दोन वायरी एकमेकींना चिकटवल्या की काम भागायचं. ट्रॅक्टरचं तर विचारूच नका. एका कंपनीचे दोन ट्रॅक्टर शेजारी उभे असले, की एकाची चावी दुसऱ्याला बिनदिक्कत लागते. पेरणीच्या घाईत शेजाऱ्याचा ट्रॅक्टर अंधारात आपल्या वावरात फिरवून परत नेऊन लावलेला आहे, आणि शेजाऱ्याला ते डिझेलच्या काट्यावरून कळलेलं आहे. लोखंडाला लोखंड लागलं की यंत्र चालू होतं, ही आमची जन्मभराची श्रद्धा. ती या गाडीनं सहाजणांसमोर मोडली.

शेवटी गॅरेजवाला आला. वयानं कोवळा पोरगा, माझाच विद्यार्थी. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. वाकून ती लाल टिकली पाहिली आणि माझ्या हातातली चावी घेतली.

"सर, हिची मुंडी कुठी हाय?"

"तुटली."

"मंग चिप कुठी हाय?"

"चिप? ती मोबाइलात असते ना?"

पोरगा माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होता, की गणिताच्या तासाला मी त्याच्याकडे कसा पाहत असेन ते मला समजलं.

मग त्यानं मला शिकवलं. मी माझ्या भाषेत सांगतो, म्हणजे हजेरीच्या भाषेत. चावीच्या मुंडीत एक चिप असते. तिला सेल नसतो. दार उघडणाऱ्या रिमोटला सेल असतो, तो वेगळा. तो मेला तरी गाडी सुरू होते. जिथे चावी घालतो त्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं एक वेटोळं बसवलेलं असतं. चावी फिरवली की त्या वेटोळ्यातून लहर निघते, आणि त्या लहरीच्याच जोरावर चिप जागी होते. मागच्या बाकावर झोपलेलं पोरगं नाव पुकारल्यावर दचकून उठावं तसं. चिप म्हणते, 'हजर'. गाडीत इंजिनाचा कारभार पाहणारा एक इलेक्ट्रॉनिक डबा असतो, तो आपल्या हजेरीपटात नंबर पाहतो. सापडला तर पेट्रोल सोडतो. नाही सापडला, तर सेल्फ फिरवा, धक्का द्या, देवळाकडे तोंड करा, तो पेट्रोलचा थेंब सोडत नाही. आवाज पोचतो तो जेमतेम दोन-चार बोटांवर, म्हणून चिप कुलपापाशीच असावी लागते. पूर्वीच्या चिपा नुसता ठरलेला नंबर घोकायच्या. तेव्हा दुसरा कोणी त्यांची 'हजेरी' लावू शकायचा, कॉलेजात लावतात तशी. नव्या चिपांना डबा दर वेळी वेगळं गणित घालतो आणि उत्तर बरोबर आलं तरच पुढे जाऊ देतो. माझ्या चावीवाल्यानं पातं हुबेहूब घडवलं होतं. पण ते पोरगं वर्गात गणवेशात येऊन बसलं होतं एवढंच, पटावर नाव नव्हतं.

या व्यवस्थेला इंग्रजीत इमोबिलायझर म्हणतात. आपल्याकडे मारुतीनं तिला 'आयकॅट्स' असं मांजरासारखं नाव देऊन लोकांपर्यंत पोचवलं. नाव काही असो, काम एकच: गाडी हलू न देणं. माझ्या बाबतीत ते तिनं चोख बजावलं होतं.

आता चिप शोधणं आलं. पण ज्या अंगणात मुंडी फुटली, त्याच अंगणात चार पोती सोयाबीन वाळायला पसरलं होतं. बायकोला विचारलं.

"अहो, इथं चावीचा तुकडा पडला होता, तो कुठाय?"

"सकाळीच झाडलं मी. तुमचा कोणता तुकडा अन् काय, सांगून ठेवत जा ना."

"काळा, एवढुसा."

"काळं तं सगळंच असते कचऱ्यात."

तेवढ्या वेळात मी मोठ्या गावच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडे एक अतिशय गोड आवाज होता. आरसी आणा, आधार आणा, अर्ज करा, चावी हरवली असेल तर पोलिसात दिलेल्या तक्रारीची प्रत आणा. चावीची मागणी वर जाईल, वरून चावी येईल, मग ती गाडीशी जुळवावी लागेल. हजारांत खर्च येईल.

"जुळवायला कोणाला पाठवाल?"

"नाही सर, गाडी इकडे आणावी लागेल."

"ताई, गाडी सुरू होत नाही म्हणून तर फोन केला."

"मग टो करून आणा ना सर."

"बरं, दुसरी चावी असेल ना तुमच्याकडे?" असं तिनं शेवटी विचारलं, आणि मी गप्प झालो. गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकानं एकच चावी दिली होती. दुसरी मागायची मला लाज वाटली होती. जुन्या गाडीला दोन चाव्या मागणं मला दूध घेताना वरून थोडं वाढवून मागण्यासारखं वाटलं. हे माझं अडाणीपण मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या चावीला नुसती सोय म्हणून किंमत नाही. काही गाड्यांत हजेरीपटावरच्या दोन चाव्या हाती असल्या, की तिसरीचं नाव घरच्या घरी चढवता येतं. एकच असली किंवा एकही नसली, तर कंपनीच्या गुप्त आकड्याशिवाय पान हलत नाही. आणि गाडी खरोखरच चोरीला गेली तर विमा कंपनी एफआयआर मागते, शोध लागला नाही असा पोलिसांचा 'अ समरी' अहवाल मागते, आणि वर दोन्ही चाव्या मागते. एकच दिली की ती विचारते, दुसरी कोणाकडे होती? म्हणजे चोर सापडेपर्यंत चोर तुम्हीच.

इकडे अंगणात सोयाबीन चाळणं सुरू झालं होतं. चार पोती, दोन चाळण्या, घरातली पाच माणसं आणि निवडायला आलेल्या दोन बाया. सोयाबीनमध्ये काय काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. माती, काड्या, शेंगांची टरफलं, खडे, एक शर्टाचं बटण, आणि मागच्या वर्षी हरवलेली आमच्या नातीच्या कानातली रिंग. बाजार समितीत व्यापारी काडीकचऱ्याचे पैसे कापतो तेव्हा मी दरवर्षी भांडतो. यापुढे भांडणार नाही.

दुपारी दोनच्या सुमारास निवडणाऱ्या बाईनं बोटांच्या चिमटीत काहीतरी धरून तोंड वाकडं केलं. "शी, बाई! उंदराची लेंडी." आणि हात उकिरड्याकडे फेकायला उचलला.

"थांबा!" मी असा ओरडलो की कोंबड्या उडाल्या.

तीच होती. काळी कुळकुळीत, एका बाजूला निमुळती, तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी. तळहातावर घेऊन पाहिली. धड वजनही जाणवत नव्हतं. एवढ्याशा लेंडीसाठी आख्खी गाडी अडून बसली होती आणि सहा माणसांचे गुडघे सोलवटले होते.

गॅरेजवाला म्हणाला, नवी मुंडी अकोल्याहून मागवतो, दोन-चार दिवस लागतील. तोवर? तोवर त्यानं स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं, चिप काळ्या इन्सुलेशन टेपमध्ये गुंडाळली आणि कुलपाच्या त्या वेटोळ्याला चिकटवून टाकली. मग शंभर रुपयांची चावी घातली. एका फटक्यात गाडी सुरू! गर्दीनं टाळ्या वाजवल्या, कोणीतरी नारळ आणला. "लेका, तू तं बुलडाण्यात पाह्यजे," असं त्याला तिघांनी सांगितलं. मी गाडी पुन्हा पुन्हा बंद करून सुरू करत बसलो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की आता हजेरी कायमची लागलेली आहे. पोरगं वर्गात असो वा नसो, त्याच्या जागी त्याचं दप्तर बोलतंय. आता कोणीही बाजारातून शंभराची चावी घासून आणावी आणि माझी गाडी न्यावी. कंपनीतल्या डोकेबाज इंजिनिअरांनी उभारलेली तटबंदी आमच्या पोरानं वीतभर टेपनं पाडली होती, आणि मी त्यावर नारळ फोडला होता.

झोप येईना म्हणून एडमंटनच्या पुतण्याला फोन लावला. एडमंटन म्हणजे कॅनडातलं असं गाव, जिथे हिवाळ्यात पारा उणे तिसावर जातो आणि गाडीत बसणं म्हणजे फ्रीजमध्ये बसणं. मी माझी कहाणी सांगितली तर तो हसायला लागला.

"काका, हे तर आमच्याकडे पैसे देऊन करतात!"

तिकडे लोक गाडीला रिमोट स्टार्टर लावून घेतात. घरातून बटण दाबायचं, गाडी दहा-पंधरा मिनिटं आपली आपण तापते, मग आपण जाऊन बसायचं. पण गाडीत चिप असल्यामुळे बटण दाबून उपयोग नाही. डबा विचारतो, 'हजेरी?' म्हणून दुकानदार गिऱ्हाइकाची सुटी चावी मागून घेतो, तिची चिप एका छोट्या डबीत घालतो आणि ती डबी डॅशबोर्डच्या आत कायमची बसवतो. पुतण्याची सुटी चावी अशी गेली. आता त्याच्याकडे एकच उरली आहे, म्हणजे घराण्याची परंपरा त्यानं राखली.

"म्हणजे आमची टेपच की रे!"

"नाही काका. त्या डबीत रिले असतो. रिमोटचं बटण दाबलं तेवढ्यापुरतीच ती चिप वेटोळ्याशी जोडली जाते. एरवी मुकी. आणि गाडी सुरू असताना कोणी चावी न घालता ब्रेक दाबला तर इंजिन बंद पडतं. तुमची टेप चोवीस तास बोलते."

नव्या डब्यांना सुटी चावीही लागत नाही, ते गाडीच्या डब्याशी परस्पर बोलून त्याला पटवतात, असंही तो म्हणाला. ते मला फारसं आवडलं नाही. परस्पर पटवून घेणाऱ्यांचा अनुभव गावात चांगला नाही.

मग पुतण्यानं मला या शास्त्राचा इतिहासच सांगितला. मध्यरात्री, आंतरराष्ट्रीय कॉलवर. १९८६ साली अमेरिकेत कॉर्व्हेट नावाच्या गाडीच्या चावीत एक बारीक काळी गोळी बसवली होती. गोळीतून वीज किती अडते ते गाडी मोजायची. गोळ्या पंधरा प्रकारच्या. चुकीची लागली तर गाडी काही मिनिटं रुसून बसायची, पुन्हा प्रयत्नही करू द्यायची नाही. कल्पना नामी होती, पण काही वर्षांनी आतल्या तारा झिजल्या की गाडी खऱ्या मालकावरही रुसायची. म्हणजे हे दुखणं पहिल्या दिवसापासूनचंच. पुढे जर्मनीत विमा कंपन्यांनी आग्रह धरला, १९९८ पासून युरोपात नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली, २००७ च्या सप्टेंबरपासून कॅनडात. अमेरिकेत मात्र सक्ती झालीच नाही. तिथे किया आणि ह्युंदाईच्या २०११ ते २०२१ मधल्या पुष्कळ गाड्यांत चिपच नव्हती. मग काय, पोरांनी स्टिअरिंगखालचं कव्हर तोडायचं, कुलपाचा नळा काढायचा आणि आत उरलेल्या खुंटीवर यूएसबी वायरचं टोक बसवून फिरवायचं, असा खेळ सुरू केला. मोबाइल चार्ज करायच्या वायरनं मोटार! २०२२ मध्ये व्हिडिओ पाहून गावोगावची पोरं शिकली. कंपन्यांना शेवटी नवं सॉफ्टवेअर द्यावं लागलं, स्टिअरिंगला लावायचे लोखंडी दांडे वाटावे लागले. त्याच कंपन्यांच्या गाड्या सरहद्दीपलीकडे कॅनडात कायद्यानं चिप बसवून विकल्या जात होत्या.

हे ऐकून मला माझ्या जीपची आठवण दाटून आली. आकड्यानं सुरू होणारी माझी जीप अमेरिकेच्या किती पुढे होती!

चावीचा त्रास चिपवाल्यांनाच होतो असं मात्र नाही. आमच्या जावयाच्या गाडीला तर चावी घालायची जागाच नाही. खिशात एक चपटी डबी आणि गाडीत बटण. आपल्याकडे २०१९ मध्ये ह्युंदाई वेन्यू आली तेव्हापासून फोनमधल्या ॲपनं गाडी सुरू करायची हौसही मध्यमवर्गात शिरली. जावयाची गाडी त्याच जातीची. मागच्या दिवाळीत ते आले आणि जेवायच्या आधी म्हणाले, "मामा, एक गंमत दाखवतो. गाडी इथून बसल्या बसल्या थंड करतो." फोन काढला, बटण दाबलं. गोल गोल फिरत राहिलं. आमच्या घरात रेंज फक्त न्हाणीघराच्या कोपऱ्यात येते. जावई न्हाणीघरात गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी "जाऊ द्या" म्हणून पानावर बसले. पुरणपोळीवर तूप पडलं आणि तेवढ्यात निरोप जाऊन पोचला असावा. बाहेर रिकामी गाडी आपली आपण सुरू झाली. अंगणात शेजारच्या आबांची म्हातारी बसली होती. ती ओरडली ती आजतागायत त्या गाडीजवळून जात नाही. "आत कोणी नाई अन् गाडी धुसफुसते!" दहा मिनिटांनी गाडी आपोआप बंद झाली, तेव्हा तर तिनं अंगारा लावून घेतला.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. लेकीला खामगावला चांदीची जोडवी घ्यायची होती. चांदी घ्यावी तर खामगावात, हे आमच्या जिल्ह्यात पाळण्यातल्या पोरीलाही माहीत असतं. जावयांनी गाडी सुरू करून अंगणातून बाहेर काढून दिली, खाली उतरले, लेक चालवायला बसली आणि गेली. गाडीनं टूं-टूं केलं, पडद्यावर काहीतरी लिहून आलं. तिला वाटलं पट्टा लावायचा राहिलाय. पट्टा लावला. चावी जावयांच्या खिशात, म्हणजे अमडापुरात, आमच्या झोपाळ्यावर.

चालू झालेली गाडी चावी दूर गेली म्हणून बंद पडत नाही. भर रस्त्यात इंजिन बंद पडलं तर जीवच जायचा, म्हणून ते तसंच ठेवलेलं आहे. लेक थेट खामगावात पोचली, सराफ्यासमोर गाडी लावली, बटण दाबून बंद केली. जोडवी घेऊन परत आली तर गाडी तिला ओळखेना. बाहेर दिवाळीची गर्दी, मागे तीन हॉर्न, आणि फोनवर बाप: "अगं, चावी इथंच आहे!"

"मग पाठवा ना!"

"कशी पाठवू? फोनमधून?"

खरं म्हणजे ते ॲप याच कामासाठी असायला हवं होतं. पण ते इंजिन सुरू करतं ते नुसतं थंडाव्यापुरतं. चालवायची म्हटली की डबी जवळच लागते. शेवटी जे तंत्रज्ञान कधीच हुकत नाही ते वापरलं. स्टँडवर जाऊन चावी रुमालात गुंडाळली, खामगावच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात दिली. "पोरगी पिवळ्या साडीत हाय, स्टँडवर उभी राहीन." चावी पोचली. कंडक्टरनं मात्र लेकीला माहेरचं नाव, वडिलांची शाळा आणि गावातली दोन घरं विचारून मगच रुमाल दिला. प्रश्न दर वेळी वेगळे, नव्या चिपांसारखंच.

तेव्हापासून जावई चावीला फार जपतात, ती स्टीलच्या डब्यात ठेवतात. म्हणे विलायतेत चोर घराबाहेर यंत्र घेऊन उभे राहतात, घरातल्या चावीचा आवाज पकडून गाडीपर्यंत पोचवतात आणि गाडी घेऊन जातात. धातूच्या डब्यात आवाज बाहेर पडत नाही. आमच्याकडे ते आले की बायको त्यांना कुरडयांचा डबा रिकामा करून देते. कुरडया ताटात झाकून ठेवलेल्या असतात. घरात चोर नाही शिरला, मुंग्या शिरल्या.

तर माझी टेप. तिसरा दिवस उजाडला, अकोल्याहून मुंडी आलेली नव्हती. पहाटे पाचला उठून ओसरीत आलो, आणि अंगण मोकळं. गाडी नाही. खिळ्यावर शंभरची चावी नाही. पोटात गोळा आला. पहिला विचार आला तो 'अ समरी'चा, दुसरा त्या दुसऱ्या चावीचा, जी माझ्याकडे कधी नव्हतीच. बायकोला हाक मारणार तेवढ्यात फोन वाजला. वाटेवरच्या एका गावचा दूधवाला.

"सर, बरं हाय ना घरी? रात्री तुमची गाडी चिखलीकडे जातानी पाह्यली वीरभाऊनं. लय जोरात व्हती."

फोन ठेवतो तोच चिखलीहून एका जुन्या विद्यार्थ्याचा. "सर, दवाखान्यासमोर तुमची गाडी हाय. कोण ॲडमिट हाय? मी डबा आणू का?"

सात वाजता गाडी दारात आली. शेजारचे आबा उतरले, मागोमाग त्यांचा मुलगा. डोळे तारवटलेले, हातात पेढ्यांचा पुडा.

"नात झाली, सर! रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. तुम्हाले उठवलं नाई, म्हटलं झोपेची गोळी घेता तुम्ही. चाबी खिळ्यावर दिसली, घेतली."

मी पेढा घेतला. आबांनी चावी खिळ्याला लावली, पायरीवर टेकले आणि चपलेतला खडा काढता काढता म्हणाले, "गाडी चांगली हाय तुमची. फक्त हॉर्न वाजत नाई. तेवढा करून घ्या, आज संध्याकाळी पुन्हा जावं लागन डबा घेऊन."